जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? आधी टाइमटेबल बघा

आमच्याकडे दादाचा जुना लॅपटॉप होता, तो नोकरीला गेला आणि हा मागे राहिला, चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की बटण दाबून मी किचनमध्ये जायचे, आई पोह्यांवर शेव आणि जीरावण मसाला घालून प्लेट हातात द्यायची, ती संपवून परत आले तरी स्क्रीनवर गोल गोल फिरतंच असायचं. बीसीएची तीन वर्षं मी त्याच लॅपटॉपवर काढली, लिनक्स टाकून, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. आता मावशीची मुलगी फर्स्ट इयरला आलीय आणि तिच्याकडे पण असलाच एक डबा आहे, तिला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून दमले म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

डबा म्हणजे खराब नाही हं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप एका झटक्यात म्हातारे ठरले. दुकानात विचारलंत तर दुकानदार भिया सांगणारच की नवीन घ्या, त्याचा धंदा आहे तो. पण कोड लिहायला, प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायला आणि यूट्यूबवर लेक्चर बघायला नवीन मशीन लागत नाही. घ्यायचंच असेल तर एसएसडी घ्या, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, खरा उशीर तिच्यामुळे होतो, लिनक्स टाकूनही ती हळूच चालणार. इंदुरात आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला दोन-चार दुकानांत भाव विचारा, २५६ जीबीची साटा एसएसडी पुरते, आणि दुकानदाराला म्हणायचं की फक्त बसवून दे, आत काही टाकू नको.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, मिंट, उबंटू, काली वगैरे, आणि त्यातलं कुठलं, ह्यावर हॉस्टेलची मुलं रात्र काढतात. तुम्ही काढू नका. रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटचं हलकं एक्सएफसीई व्हर्जन, ८ असेल तर मिंटचंच सिनामन, बस. मिंट हे उबंटूवर बेतलेलं आहे, मिंट २२ च्या खाली उबंटू २४.०४ आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत, म्हणजे आज फर्स्ट इयरला असाल तर डिग्री त्यावरच निघून जाईल. उबंटू सरळ टाकलंत तरी चालेल, नेटवर कुठल्याही एररचा उपाय शोधला तर शंभरातल्या नव्वद वेळा उबंटूचाच सापडतो आणि तो मिंटलाही बहुतेक लागू पडतो. आमच्या क्लासमधे दोन जणांनी काली टाकलेलं, का तर काळी स्क्रीन आणि ड्रॅगन भारी दिसतो, त्यांना एमएस वर्डची फाइल उघडायला माझ्याकडे यावं लागायचं. काली हे सिक्युरिटी टेस्टिंगवाल्यांसाठी आहे, लिनक्स नवीन असेल तर आमचं वापरू नका असं ते बनवणारेच लिहून ठेवतात.

आता टाइमटेबल. हा सगळा उद्योग परीक्षा संपली त्या आठवड्यात करायचा. इंटर्नल्सच्या आधी नाही, सबमिशनच्या आठवड्यात तर अजिबातच नाही, कितीही हात शिवशिवले तरी. लिनक्स अवघड नाहीये, पण पहिले चार दिवस काही ना काही छोटं अडतं, वायफाय नाही, प्रिंट नाही, अमुक फाइल कुठे गेली, आणि ते सोडवायला डोकं शांत लागतं. मी नेमकं उलटं केलं होतं. अनंत चतुर्दशीची रात्र, घरचे सगळे झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला गेलेले, घर शांत, दुसऱ्या दिवशी दुपारी असाइनमेंट द्यायची होती आणि मला वाटलं की दोन तासांत होईल. त्या रात्रीचं पुढे येईलच.

पेनड्राइव्ह करून घ्या

८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलमधे) उतरवायची, तीन जीबीच्या आसपास असते, मोबाइल डेटावर होईल पण घरच्या वायफायवर केलेलं बरं. मग विंडोजमधे रूफस नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ निवडायची, स्टार्ट. नुसती आयएसओ कॉपी-पेस्ट करून काही होत नाही, हे मला दोन जणांनी करून दाखवलंय. आणि पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. सगळं म्हणजे सगळं. त्या रात्री मी जो हाताला लागला तो पेनड्राइव्ह लावला, त्यात आत्याच्या मुलाच्या मुंजीचे फोटो होते, नशीब की फोटोग्राफरकडे कॉपी निघाली, नाहीतर आत्याने मला अजूनपर्यंत सोडलं नसतं.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावून चालू करायचा आणि लगेच बूट मेनूचं (कशावरून चालू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण टकाटक दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप. एसरला पण एफ१२ पण कधीकधी ते आधी बायोसमधे (विंडोजच्याही आधीची, लॅपटॉपची मूळ सेटिंग) जाऊन चालू करावं लागतं. सिक्युअर बूट (बायोसमधलीच एक सुरक्षेची सेटिंग) बंद करायची गरज उबंटू-मिंटला सहसा पडत नाही, जुने व्हिडिओ बघून उगाच बंद करत बसू नका.

आता जे दिसेल ते पेनड्राइव्हवरूनच चालतंय, तुमच्या डिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथे अर्धा तास तरी घालवा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, झाकण लावून उघडल्यावर जागा होतोय का, आणि जमलं तर एचडीएमआयने टीव्हीला लावून बघा कारण पुढे प्रेझेंटेशन द्यायचंच आहे. वायफाय नाही लागलं तर घाबरू नका. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, म्हणजे कोंबडी आधी की अंडं. उपाय असा की अँड्रॉइड फोन केबलने जोडा, सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला वायरचं नेट मिळाल्यासारखं मिळतं, कुठलाही ड्रायव्हर न लागता. हे मी किती जणांना सांगितलं असेल. मग इन्स्टॉल झाल्यावर मिंटमधे ड्रायव्हर मॅनेजर उघडायचं, तो स्वतःच सांगतो काय हवंय ते.

डिस्कवर टाकताना

विंडोज ठेवूनच टाका. शुद्ध लिनक्सवाले म्हणतील पुसून टाक, त्यांचं ऐकू नका, का ते शेवटाकडे कळेल. आधी विंडोजमधे असतानाच चार गोष्टी. कामाच्या फाइल्स दुसरीकडे काढा, गूगल ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंदच करा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी की मागेल आणि तुम्ही तोंड बघत बसाल. फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि जागा करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. मिंटला २० जीबीत बसता येतं पण ते लोकलमधे चौथ्या सीटवर बसल्यासारखं, १०० जीबी द्या.

मग पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल. तो विचारतो की विंडोजच्या शेजारी टाकू का पूर्ण डिस्क पुसू. इथे वाचून क्लिक करा. तीनदा वाचा. डिस्क दिसलीच नाही तर बायोसमधे स्टोरेज आरएसटी किंवा रेड मोडवर असतं, ते एएचसीआय करावं लागतं, पण ते सरळ बदललं तर विंडोज चालू होत नाही, आधी विंडोज सेफ मोडमधे नेऊन करायची पद्धत आहे, तेवढी नीट वाचून करा किंवा कोणी जाणकार शेजारी बसवा.

झालं की रीस्टार्ट, आता चालू होताना एक यादी येईल, मिंट हवंय का विंडोज. आणि पहिल्यांदा विंडोजमधे गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. हे भारतातल्या सगळ्यांना होतं आणि सगळ्यांना वाटतं लॅपटॉपची बॅटरी गेली. बॅटरी वगैरे काही नाही, लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ यूटीसीमधे ठेवतं म्हणजे ग्रीनिचची वेळ, आणि विंडोजला वाटतं ती इथलीच वेळ आहे, म्हणून बरोब्बर आपल्या साडेपाच तासांचा फरक. मिंटमधे टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १ असं टाइप करून एंटर (इंग्रजी अक्षरांत बरं का, मी उच्चार लिहितेय). मी त्या रात्री हे माहीत नसताना घड्याळ बघितलं, मला वाटलं अजून संध्याकाळच आहे, आणि निवांत बसले. झांक्या बघून सगळे पहाटे घरी आले तेव्हा कळलं.

पहिल्या दिवशी अजून एक करायचं, टाइमशिफ्ट. मिंटमधे असतंच. तो सिस्टिमचा फोटो काढून ठेवतो, उद्या काही बिघडवलंत तर कालच्या फोटोवर परत. तुमच्या स्वतःच्या फाइल्स त्यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा.

कॉलेजचं काम

सगळ्यात गंमत सी लँग्वेजची. कितीतरी कॉलेजच्या लॅबमधे अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी चालतं. टर्बो सी++ ३.० आलं १९९१ मधे, आणि गंमत बघा, लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीला कॉलेजात शिकत असताना लिनक्सची पहिली घोषणा केली ती पण १९९१ मधे, म्हणजे दोघं एका वयाचे, पण एक रोज वाढत गेला आणि एक तिथेच बसलाय. लिनक्सवर तुम्ही जीसीसी हा कंपायलर वापराल, सी++ साठी त्यातलाच जी++. टर्मिनलमधे सुडो ऍप्ट इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल असं टाइप करा (सुडो म्हणजे ऍडमिनच्या हक्काने), पासवर्ड मागेल, टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपके पण नाहीत, तरी टाइप होत असतं.

आता लॅबमधला प्रोग्राम जसाच्या तसा घरी चालणार नाही आणि घरचा लॅबमधे नाही, इथे मुलं रडकुंडीला येतात. कोनिओ डॉट एच नावाची हेडर जीसीसीत नाही, त्यामुळे क्लिअर-स्क्रीनवाली सीएलआरएससीआर आणि शेवटची गेटसीएच दोन्ही काढा. सी++ मधे आयओस्ट्रीमच्या पुढचं डॉट एच काढा आणि खाली यूझिंग नेमस्पेस एसटीडी लिहा. व्हॉइड मेन लिहिलं तर जी++ सरळ एरर देतो, इंट मेनच लिहा, आणि ती सवय चांगलीच आहे. गणिताची फंक्शन्स म्हणजे वर्गमूळ वगैरे वापरली की मॅथ हेडर लिहूनही अनडिफाइन्ड रेफरन्स येतं, त्यावर कंपाइल करताना शेवटी डॅश एलएम जोडायचं, मी ह्यावर एक आख्खी संध्याकाळ घालवलीय. तयार प्रोग्राम चालवताना नावाच्या आधी डॉट आणि स्लॅश लावायचा.

आणि व्हायवा! इंटची साइज किती, टर्बोवाले सर म्हणतील २ बाइट, तुमचा जीसीसी म्हणेल ४. दोन्ही बरोबर आहेत, टर्बो १६ बिटच्या काळातलं आहे म्हणून. सरांपुढे वाद घालू नका, सर टर्बोवर दोन आणि जीसीसीवर चार असं दोन्ही सांगा, सर खूष होतात आणि पुढचा प्रश्न सोपा विचारतात. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या लॅबला मात्र इलाज नाही, ग्राफिक्स डॉट एच जीसीसीत नसते, त्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून डॉसबॉक्स (जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि त्याच्या आत टर्बो चालवा, छान चालतं.

पायथन आधीपासून असतं. पण पिपने (पायथनच्या लायब्ररी टाकायचं टूल) सरळ काही टाकायला गेलात तर नवीन उबंटू-मिंट नाही म्हणतं, एक्सटर्नली मॅनेज्ड असा लांबलचक एरर देऊन, कारण सिस्टिमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. सुडो लावून किंवा जबरदस्तीचा फ्लॅग लावून घुसवू नका, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमधे व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा आणि त्यात टाका. मायएसक्यूएल डेटाबेस टाकल्यावर रूट म्हणजे मुख्य यूजरने लॉगिन होत नाही अशी तक्रार दर वर्षी ऐकते, पासवर्ड चुकलेला नसतो, पहिल्यांदा सुडो मायएसक्यूएल असं लिहून आत जायचं असतं, मग आतून स्वतःसाठी वेगळा यूजर बनवायचा. जावा, व्हीएस कोड, गिट ह्यात काही विशेष नाही, होतं. एक लक्षात ठेवा की इथे मोठं एबीसी आणि छोटं एबीसी वेगळं असतं, वेब डिझाइनच्या प्रोजेक्टमधे फोटोचं नाव मोठ्या अक्षराने आणि कोडमधे छोट्याने असलं तर विंडोजवर दिसतो आणि इथे दिसत नाही.

मॅथ्स-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सायलॅब, ऑक्टेव्ह बघा, सर्किटसाठी ईसिम आहे, ते आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं. आणि आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरियल म्हणून छोटे छोटे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीत आहेत, लिनक्स, लिब्रेऑफिस, सी, सगळ्यावर. मराठी पुस्तकी आहे जरा, आपल्या इंदुरी कानांना पहिल्यांदा हसू येतं, पण समजावलंय शांतपणे.

रिपोर्ट आणि प्रिंट. लिब्रेऑफिस मिंटमधे येतंच, रायटर, कॅल्क, इम्प्रेस, आणि वर्डच्या फाइल्स उघडतं. पण पानं हलतात, कारण कॅलिब्री फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, तो इथे नसतो. त्याच्या जागी कार्लिटो वापरतात, तो त्याच मापाने बनवलाय म्हणून ओळी तिथेच तुटतात. टाइम्स न्यू रोमन मागितला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फॉन्टचं पॅकेज मिळतं, किंवा लिबरेशन सेरिफ, माप तेच. ग्रुप प्रोजेक्टमधे चौघं वर्डमधे आणि तुम्ही एकट्या रायटरमधे असं असेल तर फॉरमॅटिंग शेवटी एकाच मशीनवर करा, ह्यावरून मैत्री तुटू शकते. आणि प्रिंटला नेहमी पीडीएफ न्यायची. भंवरकुआंला फोटोकॉपीच्या दुकानांत सबमिशनच्या दिवशी वीस मुलं रांगेत असतात, तिथे भियाच्या जुन्या वर्डमधे तुमची फाइल उघडली की इंडेक्स तिसऱ्या पानावर आणि सर्टिफिकेट पाचव्यावर, आणि मागची वीस तोंडं तुमच्याकडे बघतायत. घरी एचपीचा प्रिंटर असेल तर तो बहुतेक लावल्या लावल्या ओळखला जातो.

मराठी टायपिंग इतर ठिकाणी जितकं रडवतं तितकं इथे नाही. कीबोर्ड सेटिंगमधे लेआउट वाढवायचा, मराठीत कागापा फोनेटिक आहे, ज्यांना इंग्रजी उच्चाराने टाइप करायची सवय आहे त्यांना बरा पडतो, हिंदीत बोलनागरी पण. मी इन्स्क्रिप्ट लेआउट शिकले, आठ-दहा दिवस बोटं अडखळतात, मग हिंदी असाइनमेंट आणि आजोबांचं पत्र दोन्ही एकाच कीबोर्डवर. ळ शिफ्ट एन वर आहे, ऱ्य साठी शिफ्ट जे, मग डी, मग य, आणि हा य वायच्या बटणावर नाही, स्लॅशवर असतो, हे सापडायला मला महिना लागला. जे येतं ते युनिकोड असतं, मोबाइलवरही तसंच दिसतं. कृतीदेव ह्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली हिंदी फाइल कोणी दिली तर मात्र इंग्रजी कचरा दिसेल, ती कन्व्हर्टरमधून काढावी लागते.

काय होत नाही ते सरळ सांगते. ऑटोकॅड नाही, फोटोशॉप नाही, टॅली नाही, कॉमर्सवाल्यांनी आणि सिव्हिलवाल्यांनी ह्यासाठीच विंडोज ठेवायचं. वाइन म्हणून एक प्रकार आहे ज्यात विंडोजची सॉफ्टवेअर चालतात, कधी चालतात, कधी नुसती चालल्यासारखी करतात, परीक्षेचं काम त्यावर ठेवू नका. आणि मोठं म्हणजे ऑनलाइन परीक्षा आणि प्लेसमेंटच्या टेस्ट. कॅमेऱ्यावर नजर ठेवणारी, स्क्रीन लॉक करणारी सॉफ्टवेअर असतात, सेफ एक्झाम ब्राउझरसारखी, ती विंडोज आणि मॅकवर चालतात, लिनक्सवर नाही. मेल आली की आधी सिस्टिम रिक्वायरमेंट वाचा. म्हणून म्हटलं विंडोज पुसू नका.

पण ठेवलेलं विंडोज पण वापरात ठेवावं लागतं. तीन महिने न उघडता एकदम टेस्टच्या सकाळी चालू केलंत तर ते तीन महिन्यांचे अपडेट तेव्हाच घेत बसतं आणि तुम्ही टक्के मोजत. पंधरा दिवसांतून एका रविवारी विंडोजमधे जा, अपडेट होऊ द्या, घड्याळ बघा, आणि टेस्ट असेल तर दोन दिवस आधी तिचं डेमो पेज उघडून कॅमेरा-माइक दोन्ही चालतायत ना बघून घ्या. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीतरी मिंट-विंडोजची यादी यायची बंद होते आणि सरळ विंडोजच चालू होतं. मिंट गेलेलं नसतं, बायोसमधे बूट ऑर्डरमधे उबंटू असं लिहिलेलं असेल (मिंट असलं तरी बहुतेक नाव उबंटूच दिसतं), ते परत सगळ्यात वर ओढायचं.